एक्स्चेंजचा हिशेब : जुनी टूरिंग बाईक देऊन जास्त ताकदीची घेताना

दसरा-दिवाळी जवळ आली की अलिबाग, पेण, पनवेलच्या शोरूममध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं : "ही ठेवून घ्या आणि वर किती द्यायचे तेवढं सांगा." वाचकांचे प्रश्नही बहुतेक इथूनच सुरू होतात. दोनशे-अडीचशे सीसीची स्पोर्ट टूरर चार-पाच वर्षं चालवून झाली, आता चारशेची किंवा साडेसहाशेची हवी आहे. मग जुनीचे किती यावेत? शोरूमला द्यावी की बाहेर विकावी? विम्याचं काय? आरसीवरचं नाव कधी निघतं? आणि मुळात एवढी ताकद लागते का?

या सगळ्या प्रश्नांचं 'वरचे पैसे' या एका आकड्यात गाठोडं बांधलं की घोळ होतो. एक्स्चेंजमध्ये एकाच टेबलावर दोन व्यवहार होत असतात, जुन्या गाडीची विक्री आणि नव्या गाडीची खरेदी. दोन्हींचा भाव वेगळा, कागद वेगळे आणि फसण्याच्या जागाही वेगळ्या. विक्रेत्याला ते एकत्र ठेवणं सोयीचं असतं. तुम्ही ते शेवटच्या सहीपर्यंत वेगळे ठेवा.

आधी बघा, ताकद वापरणार कुठे?

मोठ्या बाईकच्या जाहिरातीत रस्ता मोकळा आणि सरळ असतो. रायगडच्या किनाऱ्यावरच्या चालकाला असा रस्ता फारसा मिळत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही त्यांना प्रवेश नाही, मुंबईच्या सागरी किनारा मार्गावरही नाही. उरतो तो २०११ पासून रुंदीकरणाच्या कामात अडकलेला मुंबई-गोवा महामार्ग, अलिबाग-रेवदंडा-मुरूडचा वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता, आणि ताम्हिणी, आंबेनळीसारखे घाट.

म्हणजे ताशी दीडशेचा वेग तुमच्या कामाचा नाही. ताकद कामाला येते ती मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा असताना ताम्हिणी चढताना, किंवा वडखळ ते नागोठणे पट्ट्यात ट्रेलरला गिअर न बदलता मागे टाकताना. तिथे कमाल अश्वशक्तीचा आकडा फसवा ठरतो. दोन गाड्या शेजारी ठेवून पाहा. बारामतीच्या कारखान्यात बनणारी अप्रिलिया आरएस ४५७ आणि रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर ६५० या दोघींची ताकद जवळपास सारखीच, ४७ पीएसच्या आसपास. पण इंटरसेप्टरचा ५२ न्यूटन-मीटर टॉर्क इंजिनाच्या पाच हजारांच्या आसपास फेऱ्यांनाच मिळतो; अप्रिलियाचा ४३.५ न्यूटन-मीटर ६,७०० फेऱ्यांना. उलट अप्रिलियाचं वजन १७५ किलो, तर इंटरसेप्टर दोनशे किलोंच्या बरीच पुढे. पत्रकावर एकाच पंगतीत बसणाऱ्या या दोन गाड्या रस्त्यावर अगदी वेगळ्या वागतात. मागे बायको-मुलगा किंवा मित्र नेहमी असेल तर खालच्या फेऱ्यांतला जोर बघा. एकटेच फिरत असाल तर हलकेपणा.

पायऱ्यांचा अंदाज यावा म्हणून काही आकडे :

- हिरो करिझ्मा एक्सएमआर : २१० सीसी, २५.५ पीएस, १६३ किलोंच्या आसपास
- सुझुकी जिक्सर एसएफ २५० : २४९ सीसी, २६.५ पीएस, १६१ किलो
- बजाज डॉमिनार ४०० : ३७३ सीसी, ४० पीएस, १९३ किलोंच्या आसपास
- कावासाकी निन्जा ६५० : ६४९ सीसी, ६८ पीएस, १९६ किलो

२००३ मध्ये पहिली करिझ्मा आली तेव्हा २२३ सीसी आणि १७ अश्वशक्ती हीच लांब पल्ल्याची गाडी मानली जायची आणि तिच्यावर लोक लडाख करून यायचे. आज अडीचशेवरून डॉमिनारवर गेलात तर ताकद दीडपट होते, निन्जावर गेलात तर अडीचपट. पहिली उडी बहुतेकांना पचते. दुसरी उडी घेण्याआधी एखाद्या मित्राची गाडी किंवा भाड्याची गाडी घेऊन पूर्ण दिवस चालवा, आणि एकदा तरी ओल्या रस्त्यावर. युरोपात नवख्याला ३५ किलोवॅटच्या वर जायला वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा एकच परवाना १०० सीसीलाही चालतो आणि १,३०० सीसीलाही. कायदा मध्ये पडणार नाही, तेव्हा ही चाचणी तुम्हालाच घ्यावी लागेल.

वजनाची परीक्षा मात्र शोरूमबाहेरच्या गुळगुळीत डांबरावर होत नाही. आगरदांडा-दिघी किंवा बागमांडला-वेसवीची फेरीबोट आठवा. उतरता, ओला, शेवाळलेला धक्का, पुढे रिक्षा, मागे टेम्पो, आणि बोट हलत असताना गाडी थांबवून पाय टेकायचा. १६० किलोंची गाडी तिथे मांडीने सावरता येते. दोनशे किलोंची सामानासकट कलली की बोटीवरचे दोन खलाशी धावत येतात. म्हणून टेस्ट राईड घेताना तीन गोष्टी मुद्दाम करा : मागे माणूस बसवून अरुंद जागेत यू-टर्न घ्या, इंजिन बंद करून गाडी उतारावर मागे ढकलून बघा, आणि आडवी झाल्यावर उचलणार कशी ते विक्रेत्याकडूनच करवून घ्या. तिसऱ्या मागणीला नकार मिळण्याचा संभव आहे. पण विचारल्याने विक्रेता तुम्हाला नवखा समजणं थांबवतो.

३५० सीसीची रेषा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या दुचाकींवर आधी कर आणि उपकर मिळून ३१ टक्के होते, ते ४० झाले. कंपनीने सगळा फरक गिऱ्हाइकापर्यंत पोचवला तर लहान गाडी पावणेआठ टक्क्यांनी स्वस्त होते आणि मोठी सुमारे सात टक्क्यांनी महाग.

याचा दुसरा फटका कमी लोकांच्या लक्षात येतो. नवी अडीचशे स्वस्त झाली की तुमची जुनी अडीचशेही त्याच प्रमाणात उतरते, कारण गिऱ्हाईक दोन्ही किमती शेजारी ठेवूनच बोलतं. तेव्हा कर बदलण्याआधी मित्राला मिळालेला भाव तुमच्या गाडीला लावून बसू नका. उलट जुनी चारशे किंवा साडेसहाशे विकणाऱ्याची बाजू या बदलाने जड झाली आहे. म्हणून या रेषेच्या वर जायचंच असेल तर चांगली सांभाळलेली, दोन-तीन वर्षं जुनी मोठी गाडी हा पर्यायही घासाघीस करताना हाताशी ठेवा.

विमाही याच रेषेवर उडी घेतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५ रुपये आहे, ३५० च्या वर १५,११७. रस्ता कराची रेषा मात्र वेगळी : महाराष्ट्रात १०० ते २९९ सीसीला ११ टक्के, त्यावर १२. तीन लाखांच्या गाडीवर बारा टक्के म्हणजे छत्तीस हजार. जुन्या गाडीचे वाढवून मिळालेले पाच हजार या आकड्यांत कुठे विरघळतात ते कळतही नाही; म्हणून नेहमी ऑन रोड किंमत लिहून मागा.

मोठ्या गाडीचे टायर, ब्रेक पॅड आणि चेन-स्प्रॉकेट महाग पडतात, हे सांगायला नको. मुरूड किंवा श्रीवर्धनला राहणाऱ्याने त्याहून महत्त्वाचं विचारावं : या कंपनीचं सर्वांत जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे? अनेक मोठ्या ब्रँडचं उत्तर नवी मुंबई, मुंबई किंवा पुणे असं येतं. म्हणजे प्रत्येक सर्व्हिसला एक सुट्टी आणि परतीचा एसटीचा प्रवास.

जुनीची किंमत आणि खारी हवा

किनाऱ्यावर वाढलेली गाडी घाटावरच्या व्यापाऱ्याला लांबून ओळखू येते. तो किलोमीटरचा आकडा नंतर बघतो. आधी वाकून बघतो पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर लालसर ठिपके आहेत का, डिस्कचे बोल्ट आणि स्टँडची स्प्रिंग गंजली आहे का, सायलेन्सरच्या सांध्याला पापुद्रे सुटलेत का, रेडिएटरच्या बारीक जाळीत मीठ आणि वाळू बसली आहे का. नळ्यांवर ठिपके असतील तर ऑइल सील लवकर फाटतात, आणि तो खर्च तो दुपटीने धरून भाव पाडतो. एमएच-०६ ची पाटी दिसली की "गाडी किनाऱ्यावर घातली होती का?" हा प्रश्न ठरलेलाच. काशिद-नागावच्या वाळूत गाडी घातल्याचे फोटो समाजमाध्यमांवर असतील तर तेही बघितले जातात, बरं.

विकण्याआधीच्या महिन्यात एवढं करा :

- गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा, पूर्ण वाळवा, चेनला तेल द्या. गंजलेले बोल्ट सरळ बदला. खर्च थोडा, फरक मोठा.
- गंजावर काळा स्प्रे मारू नका. व्यापारी सगळ्यांत आधी तिथेच नख लावतो.
- बाहेरून बसवलेला कर्कश सायलेन्सर काढून कंपनीचा परत बसवा. नसेल तर किंमत तर पडतेच, शिवाय रस्त्यात पोलिस कारवाई होऊ शकते.
- टॉप रॅक, सॅडल स्टे, जादा दिवे यांचे शोरूम पैसे देत नाही. ते उतरवून वेगळे विका.
- सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे लावा. दुसरी चावी शोधून ठेवा. ती नसेल तरीही पैसे कापले जातात.

वर्ष बदलण्याचाही परिणाम होतो. डिसेंबरात विकायला काढलेली गाडी जानेवारीत कागदावर एका वर्षाने म्हातारी होते. भर पावसात गिऱ्हाईक कमी. गणपती उलटले की बाजार हलतो. दुसरीकडे डिसेंबरात नवी घेताना सवलत जास्त मिळते, पण ती गाडीही महिन्याभरात 'मागच्या वर्षाची' होणार असते.

शोरूमला द्यावी की बाहेर विकावी?

समजा, एक शोरूम तुमच्या गाडीचे ९० हजार देतं आणि नवीवर काहीच सूट देत नाही. दुसरं ७५ हजार देतं, पण नवीवर २० हजार कमी करतं. पहिल्याकडून बाहेर पडताना आपल्या गाडीचा मान राखला गेला असं वाटतं. प्रत्यक्षात दुसरा सौदा पाच हजारांनी स्वस्त आहे. हा घोळ टाळायचा मार्ग एकच. आधी नव्या गाडीची रोखीची ऑन रोड किंमत घ्या, एक्स्चेंजचा विषयही काढू नका. तो कागद खिशात आला की जुनीचा भाव विचारा. 'एक्स्चेंज बोनस' हा कंपनीकडून येतो की शोरूमकडून, आणि जुनी दुसरीकडे विकली तरी त्यातला काही भाग मिळेल का, हेही स्पष्ट करून घ्या.

बाहेर थेट गिऱ्हाइकाला विकली तर सहसा जास्त मिळतात, पण त्याबरोबर फोन, फुकटच्या टेस्ट राईड आणि नावबदलाचा पाठपुरावा येतो. टेस्ट राईड देताना समोरच्याचा परवाना बघा आणि त्याची स्वतःची गाडी किंवा मूळ ओळखपत्र तुमच्याजवळ राहू द्या. फरक आठ-दहा हजारांच्या आत असेल आणि शोरूम कागद नीट करत असेल, तर शोरूमला द्यावी. फरक पंचवीस-तीस हजारांवर गेला तर दोन रविवार खर्च करायला हरकत नाही.

शोरूमने जुन्या गाडीच्या किमतीतून 'जीएसटी' म्हणून रक्कम कापली तर हिशेब लेखी मागा. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के कर भरावा लागतो. तो त्याचा कर आहे. स्वतःची वापरलेली गाडी विकणाऱ्या खासगी माणसावर तो नाही.

नाव निघेपर्यंत गाडी तुमचीच

दिल्लीपर्यंत गेलेलं एक प्रकरण इथे सांगायलाच हवं. विजय कुमार नावाच्या मालकाने २००७ मध्ये आपली कार विकली. नंतर ती आणखी काही हातांतून गेली, पण नोंदवहीत नाव त्याचंच राहिलं. मे २००९ मध्ये त्या कारने अपघात केला आणि त्यात एका मुलाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. गाडी विकून जवळपास दोन वर्षं झालेल्या माणसावर जबाबदारी आली.

एक्स्चेंजमध्ये हा धोका जास्त असतो, कारण शोरूम बहुधा तुमची गाडी स्वतःच्या नावावर करत नाही. ती दलालाकडे जाते, दलालाकडून दुसऱ्या जिल्ह्यात, आणि नाव बदलतं ते शेवटचं गिऱ्हाईक मिळाल्यावर. मधले काही महिने चालान तुमच्या मोबाइलवर येत राहतात.

यावर १ एप्रिल २०२३ पासून एक चांगली सोय झाली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घेता येतं. अशा अधिकृत व्यापाऱ्याला गाडी देताना परिवहन पोर्टलवर फॉर्म २९सी भरला जातो, आणि तिथून पुढे मालक म्हणून जबाबदारी त्या व्यापाऱ्याची राहते. शोरूमला पहिला प्रश्न हाच विचारा : "तुमच्याकडे हे अधिकारपत्र आहे का? २९सी भरणार का?" 'हो' म्हणालं तर पोचपावती घेतल्याशिवाय चावी देऊ नका. 'नाही' म्हणालं तर नेहमीचा मार्ग आहे :

- फॉर्म २९ आणि ३० वर खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच सही करा. कोऱ्या फॉर्मवर सही मागणं ही सर्रास पद्धत आहे. ती तुमच्या सोयीची नाही.
- राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत तुम्ही आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्याला नावावर करून घ्यायला ३० दिवस मिळतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या गाड्यांसाठी हे कार्यालय पेणला आहे.
- ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, किलोमीटरचा आकडा लिहा, आणि घेणाऱ्याची सही व आधारची प्रत घ्या. त्या क्षणानंतरचं चालान कोणाचं, हे त्या एका ओळीने ठरतं.
- कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवा. शोरूम परस्पर कर्ज भरणार असेल तर खातं बंद झाल्याचं पत्र मागा.
- प्रलंबित चालानं आधी भरा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या. त्याशिवाय आरटीओतली कामं अडवली जातात.
- घेणारा गोव्याचा किंवा कर्नाटकातला असेल तर फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र लागेल.

बोनस गाडीचा नाही, तुमचा

पाच वर्षं दावा केला नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. तो गाडीबरोबर जात नाही. दुचाकीवरून दुचाकीवर तुमच्याबरोबर येतो आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता तेवढा कमी करतो. महाग गाडीवर ही रक्कम काही हजारांत जाते, तरी बरेच जण ती सोडून देतात, कारण शोरूममधलं कोणी आठवण करून देत नाही. विकल्याचा पुरावा दाखवून विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या; ते तीन वर्षं चालतं.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. बाहेरून दर मागवा आणि तोच कागद टेबलावर ठेवा. पुष्कळदा तिथल्या तिथे हप्ता उतरतो.

बिलावर काय तपासाल?

बिल ओळीओळीने मागा. वाढीव वॉरंटी, रोडसाइड असिस्टन्स, टेफ्लॉन कोटिंग, क्रॅशगार्ड हे सगळं ऐच्छिक आहे. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची ओळ दिसली तर कोणत्या नियमाखाली लावली ते लेखी विचारा. बहुतेक वेळा ती ओळ नाहीशी होते. नव्या दुचाकीबरोबर हेल्मेट देणं मोटार वाहन नियम १३८ नुसार बंधनकारक आहे, तेव्हा त्याचे वेगळे पैसे देऊ नका. फॉर्म २१ वर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. पैसे भरण्याआधी बघा.

बुकिंगची रक्कम परत मिळण्याच्या अटी आणि जुन्या गाडीचा ठरलेला भाव किती दिवस टिकेल, हे बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्या. नवी गाडी यायला दीड महिना लागला आणि डिलिव्हरीच्या दिवशी "बाजार उतरलाय" म्हणून जुनीचे दहा हजार कमी केले, ही तक्रार फार जुनी आहे. लेखी काही नसेल तर तिथे भांडण्यापलीकडे हातात काही राहत नाही. लेखी असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि तरीही तोडगा निघाला नाही तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही.

नवी घरी आली की लक्ष तिच्याकडेच जातं, हे ओघानेच आलं. तरी महिनाभराने एमपरिवहन ॲपवर जुन्या गाडीचा नंबर टाका. मालकाच्या नावाची अक्षरं अजून तुमचीच दिसत असतील तर शोरूमला तारीख घालून ईमेल करा, ताबा पावती जोडा, आणि फॉर्म २९ ची सही-शिक्क्याची प्रत पेणच्या कार्यालयात आवक क्रमांकासह देऊन या.